सासरेबुवांचा भारदस्त आवाज

खोबरेल तेलाचा वास तसा सात्त्विक; न्हालेले केस, देवघर, सणाची सकाळ अशा मंगल गोष्टी मनात जागवणारा. तोच वास टेपरेकॉर्डरच्या पोटातून दरवळू लागला, तेव्हा मात्र आपल्या हातून काही अमंगल घडल्याची शंका मला आली. आवाज अलीकडे घोगरा येऊ लागला, म्हणजे आत काहीतरी कोरडं पडलं असणार, असा माझा सरळ तर्क. माणसाचा घसा आणि यंत्राचा घसा यांत फरक तो काय? म्हणून फिरणाऱ्या प्रत्येक भागावर मी थेंब थेंब तेल सोडलं, आणि फीत ओढणाऱ्या रबरी चाकावर जरा जास्तच मायेनं. कळ दाबताच चाक घसरलं आणि कॅसेटमधली फीत त्याला गुंडाळत गेली.

ती कॅसेट साधी नव्हती. वैनगंगेकाठच्या माझ्या सासुरवाडीत दिवाळीला दंडार उभी राहते. गाणं, नाच, सोंगं असं गावानं गावासाठी केलेलं नाटक. माझे सासरे त्यात काम करत. मी जावई होण्याआधीच ते गेले. गावातल्या कुणीतरी आपल्या मशीनवर भरून ठेवलेली ही एक दंडार, एवढाच त्यांचा आवाज या जगात उरला होता. सुमननं, माझ्या बायकोनं, ती फीत बोटांच्या टोकांनी सोडवली. तुटली नाही, नुसती सुरकुतली.

"काऊन जी, माह्या बाबाच्या गळ्यात तेल वतलं तुमी?" ती म्हणाली. "मशीन बरोबर झाल्याबिगर आता हे कॅसेट भेटनार नाई."

कॅसेट तिच्या लुगड्यांच्या पेटीत गेली.

खरं सांगायचं तर त्या आवाजाचा मला धाक होता. सासऱ्यांना मी पाहिलं नव्हतं, पण ऐकलं होतं. शब्द कळत नसत, नुसता मेघगंभीर, संथ नाद घुमे. सिंहासनावर रेललेला, मिशांना पीळ देणारा राजा माझ्या डोळ्यांपुढे उभा राही, आणि घरातल्या घरात मी पसरलेले पाय आवरून मांडी घालून बसे. मशीन मी जुनीच घेतली होती. तिच्यावर सगळीच गाणी जरा संथ, जड आवाजात चालत. तो मला स्टिरिओचा रुबाब वाटे. आपल्या अज्ञानाला आपण किती भरजरी वस्त्रं नेसवतो, नाही?

मशीन उघडली, तर आत आमचं गडचांदूर बसलेलं. सिमेंटच्या गावात धूळ कुठे शिरत नाही! फीत जिथे घासून जाते त्या हेडवर धुळीचा राखाडी थर जमला होता. कापसाच्या बोळ्यानं, स्पिरिटनं तेल आणि धूळ दोन्ही पुसली. आतला पट्टा म्हाताऱ्याच्या कंबरेवरच्या करगोट्यासारखा ओघळला होता. तो डब्यात घालून चंद्रपूरला नेला, तसाच नवा आणला. तेवढ्यावर सुमननं पेटी उघडली. कॅसेट लावून मी हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवू लागलो, आणि ती स्वयंपाकघरातून हाकारू लागली.

"अजून दबूनच हाय."

"आता?"

"आता घुंगरू आले. थांबा, हात नोका लावू."

धुकं ओसरून झाडांची पानं वेगळी दिसू लागावीत, तसे ढोलकी, झांजा, लोकांचं हसणं वेगळं झालं. आणि मग एक बारीक, नाजूक, जरासा लाडिक आवाज कळवळून म्हणाला, "नोका जाऊ जी महाराज, मले एकटीले टाकून नोका जाऊ."

"ही बाई कोण?" मी विचारलं.

सुमन पिठाच्या हातांनी दारात आली होती. "बाबा," ती म्हणाली. "रानीचा पार्ट करत होते. आमच्या इथी बाया नाई राहत दंडारीत, मानसंच लुगडं नेसतात."

इतकी वर्षं मी एका राणीला राजा समजून मांडी घालत आलो होतो! फीत संथ ओढून बारीक आवाज जाड करणाऱ्या ढिल्या पट्ट्यानं आणि धुळीच्या थरानं मिळून एक सासरा घडवला होता, आणि मी तो पुसून टाकला होता. सुमन ऐकत उभी राहिली, पीठ हातावर वाळेपर्यंत. बाजू संपल्यावर मी विचारलं, हे आजवर सांगितलं का नाहीस?

"तुमी त्याईच्यासमोर गुमान मांडी घालून बसत होते," ती म्हणाली. "गावात माह्या बाबाले कोनं कधी राजाचा पार्ट देल्ला नाई. म्हटलं, इथी तरी राहू द्या."