पापांचे मुद्दे फळ्यावर

सांगू का नको, असं अजून होतं माझं. पण आता चहा ओतलाय, तुम्ही मांडी घालून बसलाय, आणि दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐकलेलं बरं. वीस वर्षं शिकवतेय मी. हातून चुका काय कमी झाल्यात? पण थेट देवाच्या दारात जाऊन केलेली चूक ही एकच.

मी राहते अणदूरला आणि शिकवते सिस्टर लोकांच्या शाळेत, स्कूटीवर अर्ध्या तासाच्या अंतरावर. शाळा चौथीपर्यंतची. मुलं बहुतेक शेतकऱ्यांची, दुकानदारांची, हिंदू आणि मुसलमान. कॅथलिक मुलं मोजकीच, कुणाची आई सरकारी दवाखान्यात नर्स, कुणाचे वडील आमच्याच शाळेच्या गाडीवर ड्रायव्हर. दर गुरुवारी शेवटच्या तासाला ती मुलं सिस्टर फिलोमिनांकडं धर्मशिक्षणाला जायची आणि उरलेली सगळी माझ्याकडं मूल्यशिक्षणाला. खरं बोला, रांगेत चाला, मोठ्यांचा मान राखा. हे मी इतकी वर्षं शिकवलंय की झोपेतही सांगेन.

सिस्टर फिलोमिना म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. केरळच्या, पण मराठी आपल्यापेक्षा शुद्ध. त्या वर्षी तिसरीतल्या नऊ मुलांचा पहिला कम्युनियन होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की चर्चमध्ये वेदीपुढं जाऊन पहिल्यांदा तो पवित्र प्रसाद घेतं. त्यांच्यात हा फार मोठा दिवस. पांढरे कपडे, पाहुणे, जेवण, सगळं. पण त्याच्या आधी मुलानं एकट्यानं फादरकडं जायचं, आपल्या हातून काय काय चुकलं ते सांगायचं आणि क्षमा मागायची. ती कबुली. आत सांगितलेलं फादर मरेपर्यंत कुणाला सांगत नाहीत.

रविवारी कम्युनियन, शनिवारी कबुली, आणि त्या आठवड्यात सोमवारीच सिस्टर पायरीवरून घसरल्या. पाय मोडला. सोलापूरला दवाखान्यात नेलं. तिथून त्यांचा मला फोन.

म्हणाल्या, "कदम टीचर, प्रार्थना पाठ आहेत, धडेही झालेत. तुम्ही फक्त सराव घ्या. आत कसं जायचं, गुडघ्यावर कसं बसायचं, सुरुवात कशी करायची. बाकी मुलांचं मुलं बघतील."

आता हे शेवटचं वाक्य. मुलांचं मुलं बघतील. वीस वर्षांत मुलांचं मुलांनी बघितल्याचं मी कधी पाहिलेलं नाही. स्कॉलरशिपला माझी मुलं बसतात ती काय आपली आपण? मी "हो सिस्टर" म्हटलं आणि मनात ठरवलं, शाळेचं नाव खाली जाऊ द्यायचं नाही.

मंगळवार ते गुरुवार गुडघ्यावर बसणं, हात जोडणं, "फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे" हे म्हणणं, सगळं झकास बसवलं. शुक्रवारी म्हटलं, आता पूर्ण करून दाखवा. मी खुर्चीवर फादर होऊन बसले. पहिला आला जोसेफ, ड्रायव्हरदादांचा. सुरुवातीचं वाक्य खणखणीत म्हणाला आणि गप्प.

मी म्हटलं, "पुढं?"

"पुढं काय, टीचर?"

"पुढं पापं सांगायची."

"कुठली?"

घ्या. मी सगळ्यांना विचारलं, बाळांनो, तुम्ही काय काय पापं केलीत? एकानं सांगितलं की त्यानं सरडा मारला होता, पण तो नंतर पळाला. दुसऱ्यानं लहान भावाचं पाप सांगितलं, ते मी बाद केलं. सायमन नावाचा एक चुणचुणीत पोरगा, त्यानं विचारलं, "टीचर, पास व्हायला किती पापं लागत्यात?"

आणि ॲग्नेस रडायला लागली. ॲग्नेस म्हणजे नर्सबाईंची मुलगी, वर्गातली सगळ्यात गुणी. वहीला कव्हर, नखं कापलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पुण्याच्या आत्यानं तिला पांढरा झगा पाठवलेला, आजी जालन्याहून येऊन बसलेली.

मी जवळ घेतलं तर हुंदके देत म्हणते, "टीचर, म्या कायबी केलं न्हाय. मला रविवारी देणार न्हाईत का?"

मला तरी काय माहीत, पापं नसतील तर देतात का नाही? सिस्टरना फोन लावला तर त्यांना तपासायला नेलेलं. आता तुम्हीच सांगा, दुसऱ्या दिवशी परीक्षा आहे आणि मुलाला एकही उत्तर येत नाही, तर शिक्षक काय करतो?

नमुना उत्तर देतो!

निबंधाला आपण मुद्दे देत नाही का? पावसाळ्यातला एक दिवस, मुद्दे, ढग, बेडूक, छत्री. तसंच. मी खडू उचलला, फळ्यावर 'मुद्दे' लिहिलं, खाली रेघ मारली आणि विचार करायला लागले की सर्वसाधारण माणूस साधारण कुठली पापं करतो. फार विचार करावाच लागला नाही. हात आपोआप चालला.

एक, घरातल्या मोठ्या माणसांना उलट बोलणे. दोन, उपवास असताना भजी खाणे. तीन, कंबर दुखते असं खोटं सांगून रजा घेणे. चार, शेजाऱ्यांच्या शेवग्याच्या शेंगा न विचारता काढणे. पाच, दुसऱ्याच्या डब्यातलं खाणे.

सायमननं हात वर केला. "टीचर, उपवास कसला?"

"नवरात्राचा," मी बोलून गेले.

"आमच्या घरी नवरात्र नसतंय."

"उपवास कुठलाही असला तरी उपवासच," मी म्हटलं. आणि हे मला त्या वेळी अगदी पटलेलं होतं, बरं का. त्यांच्यातही उपवास असतातच की. मग कुणीतरी विचारलं, डब्यातलं म्हणजे काय? मी म्हटलं, उदाहरणार्थ केळ्याचे वेफर्स. सिस्टरच्या धर्मशिक्षणाच्या वहीत लिहिलेलं होतं की किती वेळा तेही सांगायचं. म्हणून मी प्रत्येक मुद्द्यापुढं आकडा टाकला. उलट बोलणे दहा वेळा, भजी एकदा, कंबर दोनदा, शेंगा तीनदा, वेफर्स तीनदा.

मग एका सुरात पाठांतर. शाळा सुटेपर्यंत नऊच्या नऊ मुलं न अडखळता पापं म्हणायला लागली. ॲग्नेस तर सगळ्यांत आधी. डोळे पुसून घरी गेली. मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी. फळा पुसायचा नाही, असं शिपाईमामांना बजावून मीही निघाले.

शनिवारी दुपारी फादर आले. आमचे फादर मूळचे वसईचे, वयस्कर, शांत माणूस. शाळेशेजारच्या छोट्या चर्चमध्ये जाऊन बसले. मी मुलांना घेऊन बाहेर व्हरांड्यात, ओळ लावून. पहिला जोसेफ गेला. दोन मिनिटांत बाहेर, हसतमुख. मी हळूच विचारलं, सगळं आलं का? म्हणाला, सगळं आलं, फादर म्हणाले तीनदा नमो मारियाची प्रार्थना म्हण.

दुसरा गेला. तिसरी गेली. तिसरी बाहेर आली आणि मागोमाग फादरही बाहेर आले. माठातलं पाणी प्यायले, माझ्याकडं बघितलं, परत आत गेले.

मला वाटलं, उन्हाचं.

मग सायमन आत गेला आणि अर्ध्या मिनिटात दार उघडून त्यानं डोकं बाहेर काढलं. "टीचर, तिसरा मुद्दा?"

मी दबक्या आवाजात सांगितलं, "कंबर."

"हां, कंबर," म्हणून तो आत गेला. आतून खोकल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.

असे आठ झाले. शेवटी ॲग्नेस गेली. ती बाहेर आली आणि पुन्हा फादरही. या वेळी ते सरळ माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

म्हणाले, "टीचर, आत काय ऐकलं ते मला बोलता येत नाही. ते मी विचारतही नाही. तुम्ही मुलांची तयारी कशी करून घेतलीत, तेवढं दाखवाल का?"

आता मला काय वाटलं असेल? मला वाटलं, माणूस खूश झालाय. वीस वर्षांत कुठल्या फादरनं माझी शिकवण्याची पद्धत पाहायला मागितली होती? मी पुढं, फादर मागं. वर्ग उघडला, फळ्यापुढं त्यांना नेऊन उभं केलं आणि पट्टी घेऊन एकेक मुद्दा दाखवला. वर हेही सांगितलं की कच्च्या मुलांना पाचही जमले नाहीत तर निदान तीन तरी यावेत, असं ठेवलं होतं.

फादरनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

"टीचर," ते म्हणाले, "तिसरीतल्या मुलांना रजा कोण देतं?"

मी फळ्याकडं बघितलं.

"आणि हा नमुना तुम्ही कुठल्या पुस्तकातून घेतलात?"

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. नवरात्रात सातव्या माळेला शेजारच्यांच्या घरातून वास आला म्हणून खाल्लेली भजी. खंडोबाच्या यात्रेला पाहुणे येणार म्हणून सिस्टरना लिहिलेला कंबरेचा अर्ज. सासूबाई. शेवगा. आणि केरळहून येणारा वेफर्सचा तो डबा ऑफिसच्या कपाटात कुणाचा असतो, हे शाळेतल्या शिपाईमामांपासून सगळ्यांना माहीत आहे. माझ्या अख्ख्या वर्षाचा हिशोब मी वळणदार अक्षरात फळ्यावर काढला होता, आकड्यांसकट, आणि नऊ मुलांच्या तोंडून नऊ वेळा ऐकवला होता.

मी म्हटलं, "फादर, ते माझं आहे. सगळं माझंच आहे."

ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "हे तुम्ही वर्गात उभं राहून सांगितलंत, म्हणून बोलतो. मुद्दे प्रामाणिक आहेत. पण पाप दुसऱ्याचं सांगून चालत नाही, टीचर. आपलं आपण शोधायचं असतं. मुलांनी अजून आपलं काहीच सांगितलेलं नाही. असं असेल तर उद्याचं कसं करायचं, ते मला बघावं लागेल."

उद्याचं! माझ्या डोळ्यांपुढं ॲग्नेसचा झगा आला. नऊ घरचे पाहुणे आले. माझ्या हुशारीपायी त्या लेकरांचा दिवस पुढं ढकलला गेला तर मी कुणाला तोंड दाखवणार होते? मी हात जोडले. म्हटलं, फादर, शिक्षा मला करा, पण पोरांचं अडवू नका. त्यांना पापं नव्हती म्हणून मी दिली. ती ॲग्नेस रात्रभर रडली असती हो.

फादर म्हणाले, "फळा पुसा आधी."

मी पुसला. ओल्या फडक्यानं दोनदा पुसला. फादर बाहेर गेले, मुलांना लिंबाखाली गोल बसवलं आणि त्यांच्यात खाली बसले. मी वर्गाच्या खिडकीत. ऐकू येत नव्हतं, दिसत होतं. त्यांनी काहीतरी विचारलं, मुलं विचारात पडली. जोसेफनं एकदम मान खाली घातली. सायमन बोटांवर काहीतरी मोजायला लागला आणि मोजतच राहिला. अर्धा तास असा गेला. मग एकेक करून पुन्हा सगळी आत गेली. या वेळी कुणी मुद्दा विचारायला बाहेर आलं नाही. मी मात्र एकाच काळजीत, ज्या पोरीनं काहीच केलेलं नाही ती आत जाऊन सांगणार काय?

ॲग्नेस पुन्हा शेवटी गेली. मी व्हरांड्यात येऊन दाराकडं डोळे लावून उभी. बराच वेळ लागला. दार उघडलं आणि ती उड्या मारतच बाहेर आली.

"टीचर, फादर म्हणाले उद्या सगळ्यांना मिळणार. मलापण."

मी तिथंच पायरीवर बसले. डोळ्यांतून पाणी आलं, खरंच आलं. तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, सुटलो गं बाई. आत काय बोललीस ते मला सांगायचं नसतं, ते तुझं आणि देवाचं. पण एवढं तर सांग, काही अडलं नाही ना?

"न्हाय की," ती म्हणाली. "काल मला एकबी पाप सापडत नव्हतं. आज लगेच सापडलं. म्या फादरशी खोटं बोलले."

"कधी?"

"मघाशीच. पाच वेळा. तुम्ही पाच मुद्दे दिलते ना, टीचर."