रक्तातून निघून गेलेल्या पेशी

प्रयोगशाळेतल्या ताईंनी बावीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं, पण त्यामागचा माणूस त्या कधी विसरल्या नाहीत. एकदा ल्युपस, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा शरीरावरच उलटते तो आजार, झालेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं रक्त आलं. त्यात इंटरफेरॉन बनवणाऱ्या पेशी मोजायच्या होत्या. विषाणू शिरला की या पेशी इंटरफेरॉन नावाचं इशारा देणारं रसायन सोडतात आणि साऱ्या शरीराला सावध करतात. ल्युपसमध्ये मात्र शत्रू नसतानाही त्यांची हाकाटी थांबत नाही. तेव्हा रक्तात त्या भरपूर दिसणार, असं नव्या डॉक्टरांनी धरूनच ठेवलं होतं. ताईंना जेमतेम चार-दोन सापडल्या.

"ताई, नमुना खराब झाला. उद्या परत रक्त काढा."

"अहो, बाकीच्या पेशी ठणठणीत आहेत, मग नमुना खराब कसा? बाईंच्या हाताची आधीच चाळण झालीय. मी नाही पुन्हा सुई टोचणार."

"मग काय, पेशी सुट्टीवर गेल्या?"

"सुट्टीवर कशाला? कामावरच असतील."

ल्युपसमुळे बाईंच्या दंडावर उठलेल्या चट्ट्यातला कातडीचा तुकडाही तपासायला आलेला होता. ताईंनी मनात देवाचं नाव घेतलं आणि त्याच्या काचपट्टीवर त्या पेशी उठून दिसतील असा रंग चढवला. दुपारी सूक्ष्मदर्शकात बघतात तो काय, रक्त सोडून त्या पेशी चट्ट्यात घोळक्यानं बसलेल्या!

डॉक्टर बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग स्वतःच बाहेर गेले आणि बाकावर बसलेल्या बाईंना म्हणाले, "मावशी, घरी जा. उद्या यायला नको."