दुप्पट वेगातलं गाणं

आमच्या व्हिडिओची सगळी गंमत एका युक्तीत होती. ती युक्ती मला समजली तेव्हा मी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये खुर्चीवरून अक्षरशः उडालेच. गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, मी त्याच वेगाने ओठ हलवायचे, कॅमेऱ्यात ते टिपायचं, आणि मग कॉम्प्युटरवर सगळं निम्म्या वेगावर आणायचं. असं केलं की ओठ मूळ गाण्याशी बरोबर जुळतात. पण केस, ओढणी, मागे दोरीवर टाकलेल्या साड्या सगळं हळूहळू तरंगत राहतं. म्हणजे तोंड माणसाचं आणि बाकी सगळं स्वप्नातलं! काय भारी दिसणार होतं ते! मला रात्री झोप येईना.

आम्ही तिघंच. दिग्दर्शिका माझ्या वर्गातली, जन्माने आणि टोमण्यांनी पक्की पुणेकर. कॅमेरामन एक वर्ष पुढचा. त्याचं गाव महापालिकेत गेलं, शेतात टॉवर उभे राहिले, पण त्याची भाषा काही शहरात आली नाही. आणि गाणारी मी, यवतमाळकडची, कर्वेनगरात एका काकूंच्या बंगल्यात वरच्या खोलीत भाड्याने राहणारी. कॉलेजचा चांगला कॅमेरा आम्हाला एकाच दिवसासाठी मिळणार होता, सोमवारी. त्यामुळे आधीच सगळं पाठ हवं, असा दिग्दर्शिकेचा दंडक. तिने गच्चीवर खडूने माझ्या पावलांच्या खुणासुद्धा आखून ठेवल्या होत्या.

गच्ची मिळवणं हाच एक पराक्रम होता. काकूंनी जिन्यात पाटी लावलेली: ‘गच्ची कपडे वाळवण्यासाठी आहे. प्रेमप्रकरणे इतरत्र वाळवावीत.’ आम्ही हात जोडून गेलो, तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “गाणं चांगलं असेल तर आवाज कमी ठेवा. वाईट असेल तर बंदच ठेवा.” आम्ही याला होकार समजलो. पुण्यात होकार असाच मिळतो, हे मला एव्हाना कळलं होतं.

आता खरी गोम. गाणं माझं नव्हतं. आईचं होतं.

आई घरी शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. लहानपणी दुपारी मी बाजेवर पडलेली असायची आणि पलीकडच्या खोलीतून मशीनच्या आवाजात मिसळून तिचं गाणं यायचं:

*पाय हालते, सुई चालते, दोरा धाव घेते वं,*
*टाक्याटाक्याले गाव माह्यं मांगं मांगं येते वं.*

हे तिनेच रचलेलं. बाहेर फाटक वाजलं की गाणं गप. पाय चालू, तोंड बंद. बाबांसमोरसुद्धा कधी गायली नाही. मी एकदा “म्हण ना” म्हणून हट्ट धरला, तर म्हणाली, “कोनतं गानं? तुले भास झाला असंन.” अशा बाईचं गाणं मी जगापुढे मांडायला निघाले होते! पुण्यात आल्यावर पहिल्या वर्षी मला घरची इतकी आठवण यायची की मी ते उशीत तोंड खुपसून गुणगुणायची, अगदी संथ, रडवेलं. तसंच मग आम्ही ते एका मित्राच्या खोलीत, गाद्या उभ्या करून, रेकॉर्ड केलं. ऐकून दिग्दर्शिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या डोळ्यांत! मी तेव्हाच जिंकले होते.

पण तीच रोज विचारायची, “आईंना विचारलंस का? त्या नाही म्हणाल्या तर मी गच्चीवर साड्यांचं दुकान काढू का?” ते बरोबरच होतं. आईने नको म्हटलं असतं तर मी एक ओळही बाहेर जाऊ दिली नसती, आणि मग सगळंच मुसळ केरात. रोज संध्याकाळी फोनवर मी वरणभातापासून सगळं बोलायची आणि नेमकं तेच गिळायची. बिबवेवाडीत मावशीकडे रविवारी वास्तुशांत होती, त्यासाठी आई येणार होती. मी म्हटलं, तोंडावरच विचारू. समोर असली की ती पटकन नाही म्हणत नाही.

शनिवारी दुपारी शेवटची तालीम. कॅमेरामनने घरातल्या बायकांच्या झाडून सगळ्या साड्या गाडीत घालून आणलेल्या. “आज्जीची पैठणी पण हाय त्यात. डाग पडला तर मला घरात घेणार न्हाईत, सांगून ठिवतो.” दोऱ्या बांधल्या, साड्या टाकल्या, आणि काय वारा सुटला म्हणता! आख्खी गच्ची फडफडायला लागली. दिग्दर्शिका टाळ्या पिटत ओरडत होती, “सोमवारी असाच वारा दे रे देवा, एकवीस मोदक!” मग तिने स्पीकरवर गाणं लावलं, दुप्पट वेगाचं. माझाच आवाज, पण असा चिरका की ऐकवत नव्हता. मी खुणांवरून पळत ओठ हलवत होते, साडी बाजूला सारत होते, आणि कॅमेरामन फोन धरून उलट्या पावली पळत होता. “हसू नको गं!” “मी हसत नाहीये, हा हसतोय!” किती वेळा केलं देव जाणे. दम लागला होता, पण थांबावंसं वाटत नव्हतं.

तेवढ्यात जिन्याच्या दारात काकू. मी मनात म्हटलं, मेलो, आता गच्ची गेली.

“या बाई खाली फाटकापाशी उभ्या होत्या,” काकू म्हणाल्या. “म्हणतात, हे गाणं माझं आहे. मी म्हटलं, खरंच तुमचं असेल तर कृपा करून घेऊन जा.”

त्यांच्या मागे आई. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने पदर सावरत, जिना चढून धापा टाकत. मावशीला मदत म्हणून एक दिवस आधीच निघाली होती आणि मला चकित करायचं म्हणून थेट इकडेच आली होती. झाले मी चकित! नीट शब्द जुळवून विचारायचं ठरवलं होतं, आणि ती मात्र चोरी पकडल्यासारखी समोर उभी.

“आई, मी तुला उद्या विचारणारच होते. तू नको म्हणालीस तर आम्ही...”

“थांब वं,” आई म्हणाली. “बंद काऊन केलं? लाव ना.”

दिग्दर्शिकेला वाटलं, आईंवर छाप पाडायची हीच वेळ. तिने चिरकं गाणं काढून खरं लावलं, आमचं संथ, सुंदर, रडवेलं गाणं. साड्या हलत होत्या. माझा आवाज सगळीकडे पसरला. आई मान वाकडी करून ऐकत राहिली. कडव्याच्या शेवटी मी एक लांब हुंदक्यासारखी तान घेतली आहे, तिचा मला फार अभिमान होता. ती संपली.

“काऊन वं,” आई काळजीने म्हणाली, “कोन मेलं?”

कॅमेरामन तोंड दाबून पैठणीच्या मागे गेला. काकू, ज्यांना हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं, कठड्याकडे वळल्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला मात्र रडूच फुटलं. इतके दिवस जीव तोडून केलेलं! “तुझंच गाणं आहे,” मी चिडून म्हटलं. “गाव सुटल्याचं. मला इथे किती एकटं वाटायचं माहीत आहे का तुला?”

आईने पिशवी खाली ठेवली. माझ्याजवळ आली, पदराने माझं तोंड पुसलं, चांगलं खसाखसा, लहानपणी पुसायची तसं.

“पोरी, गाव सुटलं कुठं म्हटलं मी? मांगं मांगं येते म्हटलं. मांगं येते म्हनजे संगं हाये ना? मंग रडाले काय झालं?” मग काकूंकडे एकवार बघून, जरा लाजून म्हणाली, “अन् हे असं निजून नाई म्हनाचं. लगनसराईत ब्लाउजचा ढीग पडे, पाय असे चालत.”

तिने चप्पल काढली. उघड्या पायाने गच्चीच्या फरशीवर ठेका धरला, मशीनचा, आणि गायला लागली. आमच्यासमोर, काकूंसमोर, शेजारच्या बंगल्यातला माणूस बाल्कनीत येऊन उभा राहिला त्याच्यासमोरसुद्धा. जवळजवळ आमच्या त्या चिरक्या गाण्याच्याच वेगात! शब्द तेच, चाल तीच, पण ते गाणं अंगात शिरत होतं, पाय जागेवर राहत नव्हते. मी झोपेच्या गुंगीत ऐकलं होतं, म्हणून मला ते संथ आठवत होतं. आई दुःखी नव्हतीच. कामाच्या रगाड्यात, एकटी, ती मजेत होती!

गाणं संपलं आणि दिग्दर्शिका अशी ओरडली की कबुतरं उडाली. “स्लो मोशन कॅन्सल! सगळं कॅन्सल! उद्या नवीन रेकॉर्डिंग, ठेका पायाचाच, आई, तुमच्याच पायाचा! साड्या राहतील. तू तरंगायचं नाहीस, तू पळायचंस!” ती खडूच्या खुणा चपलेने पुसायलाच लागली. कॅमेरामन म्हणाला, “वास्तुशांत उरकली की मी गाडी घिऊन येतो बिबवेवाडीला, आईंना आणायला.” सगळे एकदम बोलत होते. आठवडाभराची मेहनत पाण्यात गेली होती आणि कुणाला त्याचं काही नव्हतं.

मी आईचा हात धरला. “पण तू अजून हो म्हटलंच नाहीस. लोक बघतील. सगळे बघतील, आई. चालेल तुला?”

आईने चप्पल पायात सरकवली. मला वाटलं, फाटक वाजलं, आता संपलं.

“नाव येते काय त्यात?” तिने विचारलं.

“येतं ना. तुझं येणार. गाणं संपलं की पाट्या येतात तेव्हा.”

“गानं संपल्यावर कोन थांबते? पयले टाका.”

दिग्दर्शिका, जी स्वतःच्या आधी कुणाचं नाव येऊ देत नसे, निमूटपणे फोन काढून म्हणाली, “पहिलंच टाकते, आई. पूर्ण नाव सांगा.”

“माह्यंच टाकजा. हिच्या बाबाचं नोको मंधात.”

आणि आईने घसा खाकरून आपलं लग्नाआधीचं पूर्ण नाव सांगितलं, खाली रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा. तिच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकत होते.