कोविड वॉर्डातले आम्ही तिघं

दवाखान्यातली तीन माणसं चहाला बसली की दहाव्या मिनिटाला कोणीतरी "तुले आठवते का" म्हणतंच. कोविडच्या दिवसांत आम्ही काहीच लिहून ठेवलं नाही. किस्से मात्र माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे साठत गेले.

आम्ही म्हणजे फिजिशियन काळे सर, वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर इंदू दीदी आणि मी, भूल देणारी डॉक्टर. जबलपुरातलं एक खासगी हॉस्पिटल. तिघंही घरी मराठी, म्हणून रागवायचं ते मराठीत, बाकी कारभार हिंदीत.

*

दुसऱ्या लाटेत सर दोन दिवस घरी गेले नव्हते. सकाळच्या राउंडला एका म्हाताऱ्या पेशंटजवळ स्टूलवर बसले, त्याचं मनगट धरलं आणि नाडी बघता बघता झोपले.

दीदी उठवायला गेली, तर पेशंटने दुसऱ्या हाताने तिला थांबवलं आणि मनगट न हलवता पडून राहिला.

चाळीस मिनिटांनी सर दचकून जागे झाले. गंभीरपणे म्हणाले, "नाड़ी ठीक है."

"होनी चाहिए, साहब," म्हातारा म्हणाला. "इतनी देर आज तक किसी ने नहीं देखी."

*

मी जबलपुरातच मदन महलला राहते, आई चेरीतालला. महिनाभर तिला भेटले नव्हते. एका दुपारी तिचा फोन आला, "जेवली का?"

मी म्हटलं, "ऑक्सिजन किती आहे?"

"अवं, मी आई बोलून राहिली."

"हो, पण ऑक्सिजन किती?"

बिचारीने उठून बोटाला मशीन लावलं. "सत्त्याण्णव."

"गुड. उद्या जनरल वॉर्डात शिफ्ट करू," म्हणून मी फोन ठेवला.

मला यातलं काही आठवत नाही. आई शपथेवर सांगते.

*

मग मॅनेजमेंटला आमची काळजी वाटायला लागली. त्यांनी तणावमुक्तीचं वेबिनार ठेवलं. आमच्या सुट्टीच्या दिवशी, कॅमेरा चालू, हजेरी सक्तीची.

एक्स्पर्ट मॅडम म्हणाल्या, "सबसे ज़रूरी है नींद." पाचव्या मिनिटाला दीदीची मान कलली. पुढचा दीड तास ती सगळ्यांच्या स्क्रीनवर तोंड उघडं टाकून झोपलेली.

दुसऱ्या दिवशी तिला मेमो आला. तिने उत्तर दिलं, "मैडम ने जो बताया, मैंने उसी समय शुरू कर दिया."

*

त्याच महिन्यात दीदीने राजीनामा लिहिला. त्या सकाळी तिच्या वॉर्डातली एक तरुण बाळंतीण गेली होती. कागद घेऊन दीदी सरळ सुपरिंटेंडंटकडे गेली.

त्यांनी वाचला. "मंज़ूर है. बस कल से किसकी ड्यूटी लगेगी, वो बना दीजिए."

दीदी रोस्टर घेऊन बसली. एक नर्स पॉझिटिव्ह, एक गरोदर, एक गावी अडकलेली. तासाभराने तिने कागद पुढे केला. आठवडाभर सगळीकडे तिचंच नाव.

"आप तो छोड़ रही थीं?"

"छोड़ ही रही हूँ, सर. ये हफ़्ता निकल जाए."

तो हफ्ता अजून निघालेला नाही.

*

सरांनी मात्र काम थांबवलं. लाट ओसरली आणि ते सहा महिने कामावर आले नाहीत. वॉर्डात नातेवाइकांना बंदी होती, त्यामुळे घरोघरी फोन करून बातमी द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. नंतर घरातला फोन वाजला तरी ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

त्याच काळात मुलीचं लग्न ठरलं. वहिनींनी त्यांना ओढत बडा फुहाऱ्याच्या बाजारात साड्यांच्या दुकानात नेलं. सर एवढंच म्हणाले, "भैया, ज़रा हल्का रंग दिखाइए."

दुकानदाराचा हात थांबला. "आप डॉक्टर काळे हैं ना? चेहरा तो कभी देखा नहीं, आवाज़ पहचानता हूँ. मेरी मिसेज़ की ख़बर आपने दी थी."

सरांनी दाराकडे पाहिलं.

दुकानदार गादीवरून उतरून त्यांच्याजवळ आला. "उस दिन आप बोलते-बोलते रो पड़े थे. मैं घर में सबको चुप कराता रहा और सोचता रहा, डॉक्टर साहब को किसने चुप कराया होगा."

हे सरांनी आम्हाला चहा पिता पिता सांगितलं. मग दीदीने विचारलं, "तुम्ही काय म्हणाले मग, सर?"

"काही नाही," सर म्हणाले. "दोन साड्या घ्यायला गेलो होतो. नऊ घेऊन आलो."