पाडायच्या आधी

समता कॉलनीतल्या सोनोग्राफी सेंटरमध्ये शेजारी बसलेली ती बाई अजून आठवते. दोघींचंही गर्भाशय गाठीपायी काढायचं ठरलं होतं. तपासणीआधी पोट तुडुंब होईस्तोवर पाणी प्यायचं होतं. ती आपल्या बाटलीतलं मलाही पाजत होती. "नका हसवू दीदी, इथंच होऊन जाईन," म्हणायची आणि स्वतःच हसवायची.

तिचा नंबर लागला. पुढची म्हणून मी पडद्याअलीकडे थांबले. डॉक्टरीणबाई गाठीचं माप घेत होत्या, तेवढ्यात तिचा आवाज आला, "मॅडम, टीव्ही जरा इकडं फिरवा. माही पोट्टी नऊ महिने राहिली त्या घरात. पाडायच्या आधी एकदा पाहू द्या."

नंतर मी आत गेले, तेव्हा मीही स्क्रीनकडे मान वळवली. माझा मुलगा हल्ली घरी येत नाही. पण तिथं राहून गेला होता.