लिंबाच्या पाल्याचा धूर

डॉक्टरसाहेबांनी काखेत बोट दाबलं तशी मी केवढ्यांदा वरडले. "प्लेग हाय," ते म्हणाले. म्हंजे गाठीचा ताप. झोपडीच्या दारात उभ्या आत्याबाई, माझ्या सासूबाई, देवाचा धावा करायला लागल्या.

आमच्या पाली गावात उंदीर मरून पडायला लागले तसं सारं गाव माळावर झोपड्या घालून राहायला गेलतं. माझा पाच वर्साचा किसन माझ्या अंथरुणापाशीच खेळायचा. हाकललं तरी जाईना. ताप चढला तशी मी बरळायला लागले. साहेब त्याला डिलिरियम म्हणाले, आपल्याकडं वात झाला म्हणतात. त्यातच किसनला गाठ आली आन् तो गेला. त्याच्या मातीला त्याची आई नव्हती.

शुद्धीवर आले तवा गाठ फुटून वाहत होती. मी वाचले. कावून वाचले, त्या देवालाच ठाव.

घरी परतलो तर सरकारी माणसांनी भिंती चुन्यानं पांढऱ्या केलत्या. किसननं कोळशानं काढलेले बैल चुन्याखाली गेले. त्याची आंगडी जाळली. लाकडी गाडा उरला होता, तो आत्याबाईंनी बिंदुसरा नदीत सोडला. आमच्यात रीतच हाय. गेलेल्या लेकराची वस्तू ठेवायची न्हाई, आईपुढं त्याचं नाव घ्यायचं न्हाई. म्हंजे ती लवकर इसरती. जळलं मेलं ते शहाणपण!

आन् खरंच इसरले की वो. एक दिवस भाकरी थापताना ध्यानात आलं, मला किसनचा चेहरा दिसंना. डोळे मिटून लई बघितलं. आवाज तर साफ गेलता. लेकरू दुसऱ्यांदा मरतंय असं वाटलं. आत्याबाईंना इचारलं तर म्हणाल्या, "खपली काढू नगं, बाई." मालक उठून भायेर गेले.

डॉक्टरसाहेब गावात आले तवा लाज सोडून त्यांना इचारलं.

"तापानं डोस्कं गेलं का माझं?"

"नाही बाई. याददाश्त शाबूत हाय. विहिरीत पाणी हाय, पोहरा न्हाई. त्याची एखादी चीज हातात घ्या, येईल वर."

चीज कुठली आणू? सारं घर धुंडाळलं. हाताला नुसता चुना लागला.

पुढल्या साली परत उंदीर पडले, परत माळावर गेलो. सांजच्याला आत्याबाईंनी रोगराई पळावी म्हणून, गेल्या सालासारखाच, झोपडीत कडूलिंबाचा पाला पेटवला. धूर डोळ्यात गेला आन् एकाएकी तो समोर बसलेला. पुढला दात पडलेला, डोळे चोळत. "आये, धूर गेला, फुंकर मार की." मी तापातच उठून फुंकर मारली होती. तो हसलाबी होता.

मी हंबरडा फोडला. आत्याबाई जाळ इझवायला धावल्या.

"इझवू नका! किसन आलाय."

त्या थबकल्या. मग वर्साभरात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून नाव निघालं, "किसन्या... माझ्या सोन्या..." दोघी गळ्यात पडून रडलो. त्या धुराचे उपकार मी फेडू शकत न्हाई.

बायांनो, तुमच्यावर ही येळ न येवो. आलीच, तर लोकांचं ऐकू नका. एखादं आंगडं लपवून ठेवा. नाव घ्या. लई दुखतं, दुखू द्या.

आता सांजच्याला मीच पाला पेटवते. धूर आला की सारे तोंड फिरवतात. मी तितंच बसते, डोळे उघडे ठिवून.