ऑर्डेलामावशीच्या शेणखतातल्या गोळ्या

ऑर्डेला टॅकेट ही आमची शेजारीण. सगळी टेकडी तिला मावशी म्हणायची, पण मावशीचा इसवास कुणावरच नव्हता. विकत आणलेलं अंडं ती उजेडाला धरून बघायची. पाद्रीबाबानं हात मिळवला तर नंतर स्वतःची बोटं चाचपायची.

अमेरिकेच्या यादवी युद्धात टेनेसीतल्या आमच्या टेकडीवर उत्तरेची नि दक्षिणेची फौज भिडली ती मावशीच्याच मक्याच्या रानात, असं जो तो सांगायचा. सांगण्यावर रान वाचत नाही. पलीकडच्या शेतात गोदामं उठली होती. लढाईचा पुरावा निघाला तरच रणभूमी राखणारी संस्था ते रान घेणार होती नि मावशी मरेस्तोवर तिथंच राहणार होती. नाहीतर गोदामवाला टपलेला नि मावशीचे लेक विकायला उतावीळ.

संस्थेचा प्रूइट नावाचा माणूस आला. धातू हुडकायचं यंत्र घेऊन रानभर हिंडला. मावशी काठी टेकत त्याच्या पाठोपाठ.

"ऊन लागतंय, मावशी. मागं मागं कशाला येताय?"

"खिशात काय घालतोस ते बघाया."

गोळ्या निघाल्या, चांगल्या ओंजळभर. प्रूइट आधी हरखला. मग एकेक गोळी फिरवून बघता बघता त्याचं तोंड आंबट झालं.

"सगळ्या एकाच साच्यातल्या आहेत. प्रत्येकीच्या बुडाला तोच ओरखडा. कुणी पेरल्या?"

मावशीचा नवरा व्हर्जिल मोटारीच्या चाकांना तोल साधायला लावतात ते शिसं वितळवून गोळ्या ओतायचा, जुनाट दिसाव्यात म्हणून उकिरड्यात पुरायचा नि रस्त्याकडेला पाहुण्यांना विकायचा. तो गेल्यावर मावशीनं सगळा उकिरडा रानात पसरला होता.

"म्या काय पेरलं न्हाई," ती म्हणाली. "म्या शेण टाकलं."

प्रूइटनं यंत्र आवरायला घेतलं. आता खरी गोळी निघाली असती तरी त्यानं ती मानली नसती.

"थांब जरा," मावशी म्हणाली, नि मला गाडी काढायला लावून आम्हा दोघांना होबर्टच्या आरागिरणीवर घेऊन गेली. होबर्टशी तिचं बारा वर्षं बोलणं नव्हतं. तिच्या बांधावरचा ओक कापताना त्याच्या करवतीचं पातं तुटलं होतं, नि व्हर्जिलनं मुद्दाम खिळे ठोकून लाकूड गळ्यात मारलं असं त्यानं गावभर केलं होतं.

"माझा ओंडका कुठाय?"

"बसलोय की त्याच्यावरच. का? दुसरं पातं मोडाया आलीस?"

"ऊठ. फोडायचाय."

पाचर ठोकून ओंडका उकलला. आत तोफगोळ्याची गंजकी कपची, नि तिच्यावरून लाकूड वाढलेलं. प्रूइट वाढीची वलयं मोजत आत आत गेला तो थेट लढाईच्या सालाला थांबला. तरी त्याचा संशय फिटेना.

"झाड हिच्याच रानातलं कशावरून?"

मावशी होबर्टकडं बघत राहिली. होबर्टनं तंबाखू थुंकला. हो म्हणायचं तर व्हर्जिलवर घातलेला आळ स्वतःच्याच तोंडानं पुसायचा होता.

"हिच्याच बांधावरचं. मीच तोडलं," तो एकदाचा बोलला. "बुडखा हाय अजून, लावून बघा. व्हर्जिल लबाड व्हता, सतरांदा म्हनीन. पर हे लोखंड त्याचं न्हवं."

बुडखा जुळला. रान राहिलं.

जाताना प्रूइटनं दारात विचारलं, "मावशी, तो गोळ्यांचा साचा आमच्याकडं द्याल का?"

"कसला साचा?" म्हणत तिनं दार ओढून घेतलं, नि त्याची गाडी वळणापलीकडं जाईस्तोवर खिडकीचा पडदा काही सोडला नाही.